पान घ्यावे, झाड राखावे

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर आज जी औषधे शिरेतून दिली जातात, त्यांत इरिनोटेकान हे एक महत्त्वाचे औषध आहे. सेलूकडचा रुग्ण सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जावो की नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात, आजार त्या जातीचा असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे नाव येऊ शकते. हे औषध मुळात एका झाडाचे देणे आहे, हे मात्र फार थोड्या घरांत ठाऊक असते. ते झाड चीनचे. त्यातले औषधी द्रव्य प्रथम शुद्ध रूपात वेगळे काढणाऱ्या संशोधकांपैकी एक जण आपल्या नंदुरबारचे. आणि तेच द्रव्य अंगात बाळगणारे दुसरे एक झाड आपल्या सह्याद्रीच्या रानात उभे आहे.

चीनच्या झाडाबद्दल वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने का वाचावे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर एवढेच आहे. हे झाड परके आहे, पण त्याची गोष्ट परकी नाही. त्या गोष्टीत आपले रुग्ण आहेत, आपला शास्त्रज्ञ आहे, आपले जंगल आहे आणि आपल्या हातून घडलेली हानीही आहे.

या झाडाचे शास्त्रीय नाव कॅम्पटोथेका ॲक्युमिनाटा. चीनमध्ये त्याला शी-शू म्हणतात, म्हणजे आनंदाचे झाड. मराठीत त्याला नाव नाही, म्हणून या पुस्तिकेत मी त्याला शी-शूच म्हटले आहे. पुस्तिकेमागचा माझा आग्रह सुरुवातीलाच सांगून टाकतो. औषधी झाड टिकते ते माणसाने लावल्यामुळे, आणि त्याचे घ्यायचे ते पान-फळ बेताने घेतल्यामुळे. रानातून आयते तोडून आणत राहिले की आधी झाड संपते आणि मागोमाग औषधही. पुढची सगळी पाने या एका गोष्टीसाठी लिहिली आहेत.

शी-शू सरळ वाढणारे, पानगळी झाड आहे. चांगल्या जमिनीत ते २० ते २५ मीटर उंच होते. खोडाची साल फिकट करडी असते आणि वय वाढेल तशा तिच्यात उभ्या भेगा पडतात. पाने लांबट, टोकाला निमुळती, वीतभर किंवा त्याहून थोडी मोठी असतात. त्यांच्यावरच्या समांतर शिरा इतक्या स्पष्ट उमटलेल्या असतात की लांबूनही पान ओळखू येते. कोवळ्या पानांचे देठ तांबूस असतात. उन्हाळ्यात फांद्यांच्या टोकांना बारीक पांढुरक्या फुलांचे गोल गेंद येतात. मग फळे धरतात, आणि सेलूच्या वाचकाला ती फळे समजावून सांगणे सोपे आहे. बोटाच्या पेराएवढ्या केळ्यांचा चेंडूसारखा गोल घड बांधला तर तो जसा दिसेल, तसा शी-शूच्या फळांचा गुच्छ दिसतो. केळीच्या बागा हा एके काळी आपल्या सेलूचा लौकिक होता, त्यामुळे हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे लगेच उभे राहील.

दक्षिण चीन हे शी-शूचे माहेर. सिचुआन, युन्नान, हुनान, हुबेई, जिआंग्शी, ग्वांगशी, ग्वांगडाँग अशा प्रांतांत नदीकाठी, ओढ्यांच्या कडेला, ओलसर दऱ्यांत ते वाढते. वाढ भरभर होते, सावली भरपूर पडते आणि आकार डौलदार असतो. म्हणून तिथल्या लोकांनी ते रस्त्यांच्या दुतर्फा, गावाच्या कडेला आणि बागांमध्ये लावले. त्याच्या फळांचा, सालीचा आणि मुळांचा वापर तिथल्या वैद्यकात सोरायसिससारखे त्वचेचे विकार आणि यकृत-जठराचे आजार यांवर होत आला. शोभा आणि औषध या दोन्ही कारणांनी माणसाने जवळ केलेले हे झाड आहे, आणि जवळ केल्यामुळेच ते पुढे जगाच्या उपयोगी पडू शकले.

पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राला त्याची ओळख एका फ्रेंच धर्मोपदेशकामुळे झाली. अर्मां दाव्हिद हे पाद्री चीनमध्ये असताना वनस्पती आणि प्राण्यांचे नमुने गोळा करीत. युरोपला पांडा या प्राण्याची ओळख करून देणारे तेच. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून जोसेफ दकेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये शी-शूचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे बी अमेरिकेत गेले. तिथल्या कृषी खात्याने कॅलिफोर्नियातल्या चिको या गावी आपल्या रोपउद्यानात काही झाडे वाढवली. तेव्हा ती लावणाऱ्यांना कर्करोगाच्या औषधाची कल्पनाही नव्हती. परदेशी झाडांचा संग्रह करावा, उपयोग पुढेमागे सापडेल, एवढाच विचार त्यामागे होता. त्या विचाराचे फळ काही दशकांनी मिळाले.

१९५०च्या दशकात अमेरिकेचे कृषी खाते हजारो वनस्पतींचे अर्क तपासत होते. त्यांना कॉर्टिझोन हे औषध बनवण्यासाठी वनस्पतींतून कच्चा माल मिळतो का, ते पाहायचे होते. मन्रो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ त्या कामावर होते. त्यांच्याकडचे सुमारे १००० अर्क राष्ट्रीय कर्करोग संस्थेने मागवून घेतले आणि कर्करोगाच्या चाचणीत घातले. शी-शूच्या पानांचा अर्क त्या चाचणीत ठळकपणे उतरला. वॉल यांनी हा धागा सोडला नाही. १९६० मध्ये ते नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूट या नव्या संस्थेत गेले आणि तिथे त्यांनी हे काम हाती घेतले. दोन वर्षांनी एक मराठी मुलखातला तरुण त्यांना येऊन मिळाला.

त्यांचे नाव मनसुख वाणी. जन्म २० फेब्रुवारी १९२५, गाव नंदुरबार. आज नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा आहे, पण तो १९९८ मध्ये झाला. वाणींच्या लहानपणी ते पश्चिम खानदेशातले एक गाव होते. मुंबई विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. केले, मुंबईच्या भवन्स कॉलेजात काही वर्षे शिकवले आणि मग अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून १९६२ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी ते वॉल यांच्याकडे रुजू झाले. पुढची सगळी हयात त्यांनी त्याच संस्थेत घालवली.

चिकोच्या झाडांचे सुमारे २० किलो लाकूड आणि साल त्यांच्याकडे आली. त्यातून हवे ते एकच द्रव्य निवडून काढायचे होते. त्या काळी हे किती किचकट काम होते याची कल्पना आजच्या विद्यार्थ्याला येणे कठीण आहे. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग चाचणीला पाठवायचा, ज्या भागात गुण टिकला तो पुन्हा फोडायचा, आणि शेवटी शुद्ध स्फटिक हाती येईपर्यंत थांबायचे नाही. १९६६ मध्ये वॉल, वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. त्याला त्यांनी कॅम्पटोथेसिन असे नाव दिले. अतिनील प्रकाशात धरले की हे द्रव्य निळसर चमकते, आणि एखाद्या झाडात ते आहे की नाही हे प्रयोगशाळेत पाहताना हा गुण आजही कामी येतो.

पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, याच जोडीने पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल या दुसऱ्या औषधाची रचना जगापुढे ठेवली. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगावर ते आज जगभर वापरले जाते. एका प्रयोगशाळेने अशी दोन औषधे द्यावीत ही विज्ञानाच्या इतिहासातली दुर्मीळ गोष्ट आहे. अमेरिकन केमिकल सोसायटीने २००३ मध्ये या शोधांना राष्ट्रीय ऐतिहासिक रासायनिक स्मारकाचा मान दिला. मनसुख वाणी एप्रिल २०२० मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. त्यांच्या शोधांनी आयुष्य वाढलेल्या रुग्णांची मोजदाद करणे अशक्य आहे. तरीही महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये त्यांचे नाव क्वचितच ऐकू येते. त्यांच्यावर या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण घातले आहे, कारण नंदुरबारच्या मुलाने काय केले हे सेलूच्या, सिंदीच्या, हिंगणीच्या मुलांना कळायलाच हवे.

कॅम्पटोथेसिन सापडले म्हणून लगेच औषध मिळाले, असे झाले नाही. ते पाण्यात विरघळत नसे, त्यामुळे शिरेतून देता येत नव्हते. म्हणून त्याचे सोडियम मीठ बनवून रुग्णांना दिले गेले. पण तसे करताना रेणूतली एक बंद कडी उघडली जाते, आणि सगळा गुण त्या बंद कडीतच असतो. औषधाचा उपयोग कमी आणि त्रास भयंकर, अशी स्थिती झाली. मूत्राशयातून रक्तस्राव, तीव्र जुलाब, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची घसरण. १९७२ च्या सुमारास या चाचण्या थांबल्या आणि पुढची बारा-तेरा वर्षे कॅम्पटोथेसिन जवळजवळ अडगळीत पडले.

ते परत आले ते कारण कळल्यामुळे. १९८५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की हे द्रव्य पेशीतल्या टोपोआयसोमरेझ-१ या विकरावर काम करते. पेशी दुभंगण्याआधी तिच्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. नक्कल होताना डीएनएला पीळ बसत जातो. हे विकर डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक क्षणभर कापते, पीळ सोडवते आणि धागा पुन्हा सांधते. कॅम्पटोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी जाऊन बसते आणि सांधा होऊ देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा पुढे सरकत येते, त्या अडथळ्यावर आदळते, डीएनएचे दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असतात, म्हणून हा मार त्यांना अधिक बसतो. तोंड, आतडे आणि अस्थिमज्जा यांतल्या निरोगी पेशीही वेगाने दुभंगतात, म्हणून त्रासही तिथेच होतो. औषधाचा गुण आणि त्याचा उपद्रव ही एकाच क्रियेची दोन फळे आहेत, हे रुग्णाच्या घरच्यांनी समजून घेतले तर उपचाराच्या दिवसांत धीर धरणे थोडे सोपे जाते.

कारण कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत फेरफार करून पाण्यात विरघळणारी आणि बंद कडी शाबूत ठेवणारी रूपे तयार केली. टोपोटेकानला अमेरिकेत १९९६ मध्ये बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. इरिनोटेकान जपानच्या याकुल्ट कंपनीने तयार केले. आपल्याकडे त्या कंपनीची आंबवलेल्या दुधाची छोटी बाटली ओळखीची आहे. जपानमध्ये ते १९९४ मध्ये बाजारात आले, अमेरिकेत १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. चीनमध्ये शी-शूपासूनच मिळणारे हायड्रॉक्सिकॅम्पटोथेसिन रुग्णांना दिले जाते. अलीकडची ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान आणि सॅसिटुझुमॅब गोविटेकान ही औषधे तर प्रतिपिंडाला कॅम्पटोथेसिनच्या कुळातला रेणू जोडून बनवली आहेत. प्रतिपिंड कर्करोगाची पेशी हुडकते आणि रेणू ती मारतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये इरिनोटेकान अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. भारताच्या राष्ट्रीय यादीत ते २०२२ मध्ये आले.

जे द्रव्य प्रत्येक दुभंगणाऱ्या पेशीला मारते, ते तयार करणारे झाड स्वतः कसे जगते, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलेला होता. २००८ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी त्याचे उत्तर दिले. शी-शूच्या स्वतःच्या टोपोआयसोमरेझ-१ मध्ये एक बारीक बदल आहे. त्या विकराच्या साखळीतला एक अमिनो आम्लाचा मणी दुसऱ्या मण्याने बदललेला आहे, आणि त्यामुळे कॅम्पटोथेसिन तिथे घट्ट बसू शकत नाही. किडीला आणि चरणाऱ्या जनावराला दूर ठेवणारे विष अंगात साठवताना झाडाने स्वतःला त्यापासून सोडवून घेतले आहे. निसर्गाच्या अशा कारागिरीपुढे नम्र व्हावे असेच हे ज्ञान आहे.

आता आपल्या घरच्या झाडाकडे वळतो. सह्याद्रीत नरक्या नावाचे एक लहान झाड आहे. कोणी त्याला कळगूर म्हणतात, कोणी अमृता. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या पट्ट्यातल्या दाट रानांत ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. फुले लहान, पिवळट पांढरी, आणि त्यांना दुर्गंधी येते. त्याचे शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जॉन ग्रॅहम यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची जी सूची केली आणि जी १८३९ मध्ये छापली गेली, तिच्यात या झाडाची नोंद आहे. शी-शू आणि नरक्या हे एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत. त्यांची कुळे वेगळी आहेत. तरीही दोघांच्या अंगी एकच द्रव्य आहे.

हे प्रथम दाखवून दिले ते मुंबईत. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये नरक्यात कॅम्पटोथेसिन असल्याचे प्रसिद्ध केले. योगायोग असा की त्याच सुमारास अमेरिकेतल्या चाचण्या बंद पडत होत्या, त्यामुळे त्या वेळी नरक्याकडे व्यापाऱ्यांचे लक्ष गेले नाही. टोपोटेकान आणि इरिनोटेकान आल्यावर मात्र गेले. १९९०च्या दशकापासून नरक्याला परदेशातून मागणी आली आणि सह्याद्रीतली तोड सुरू झाली. सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत चोरट्या तोडीच्या, लाकडाचे तुकडे भरलेल्या गाड्या पकडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. तोडणाऱ्याच्या हाती किरकोळ मजुरी पडते. त्याचे मोल पुढे समुद्रापार ठरते.

नरक्याच्या बाबतीत सगळ्यात मोठे दुःख असे की त्याचे खोड आणि मूळ यांसाठी पूर्ण झाडच उपटले जाते. सावलीत हळू वाढणारे झाड गेले की त्या जागी तसेच दुसरे उभे राहायला वर्षे लागतात. पश्चिम घाटात त्याची संख्या घटल्याचे वनस्पतितज्ज्ञांनी नोंदवले आहे आणि संकटग्रस्त वनस्पतींमध्ये त्याची गणना होते. शी-शूची रानटी झाडेही चीनमध्ये कमी झाली. तिथल्या सरकारने १९९९ मध्ये संरक्षित वनस्पतींच्या राष्ट्रीय यादीत त्याला दुसऱ्या श्रेणीत घातले. पण शी-शू रस्त्यांवर होते, बागांत होते, रोपवाटिकांत होते. रानातले कमी झाले तरी माणसाच्या सहवासातले उरले. नरक्याला असा सहवास कधी मिळालाच नाही. तो रानात जन्मला, रानातच तोडला गेला.

शी-शूकडून दुसराही एक धडा मिळतो. संशोधकांनी त्याचे भाग वेगवेगळे तपासले तेव्हा कॅम्पटोथेसिनचे प्रमाण कोवळ्या पानांत सर्वांत चांगले आढळले. पान मोठे होत जाते तसे ते घटते. म्हणजे झाड तोडायची गरजच नाही. छाटणी करावी, नवी पालवी फुटू द्यावी, ती खुडावी, आणि झाड पुन्हा पुन्हा देत राहील. टॅक्सॉलच्या बाबतीतही हेच घडले. सुरुवातीला पॅसिफिक यू झाडांची साल सोलून औषध काढत, आणि साल सोललेले झाड मरत असे. मग फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या चमूने युरोपातल्या यू झाडाच्या पानांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून ते बनवण्याची वाट काढली. पाने खुडल्याने झाड मरत नाही, ती पुन्हा येतात. दोन मोठ्या औषधांचा इतिहास एकाच दिशेने बोट दाखवतो. सालीकडून आणि खोडाकडून पानाकडे वळले की औषध आणि झाड दोन्ही वाचतात.

आपल्याकडे या दिशेने काम झालेच नाही असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या ऊतिसंवर्धनावर संशोधन झाले आहे. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतून कॅम्पटोथेसिन मिळवून दाखवले. या कामांना बळ मिळायला हवे आणि ती प्रयोगशाळेच्या दारातून शेतकऱ्याच्या रोपवाटिकेपर्यंत यायला हवीत. राधानगरी किंवा पाटणच्या शेतकऱ्याने आपल्या बांधावर नरक्या लावला, त्याची नोंद झाली आणि त्याच्या पानाला रास्त भाव मिळाला, तर रानात कुऱ्हाड घेऊन जाण्याचे कारणच उरणार नाही.

मग शी-शू आपण सेलूत लावावे का? पुस्तिका वाचून कोणाच्याही मनात हा विचार येईल, म्हणून स्पष्ट सांगतो: नाही. ते ओलसर हवेचे, नदीकाठचे झाड आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते. पाणी घालून घालून एखादे झाड जगवता येईल, पण त्यातून कोणाचे भले होणार नाही. पाने कोण नेणार, द्रव्य कोण काढणार, याची कुठलीही व्यवस्था इथे नाही. परदेशी झाडांच्या लागवडीचे मोठे आकडे दाखवून शेतकऱ्याला रोपे विकणारे लोक अधूनमधून गावोगाव येत असतात. शी-शूचे नाव घेऊन कोणी आले तर त्याला नम्रपणे परत पाठवावे.

शी-शूची रोपे नकोत, त्याची रीत मात्र घ्यावी. सेलू तालुक्यातच बोरचे जंगल आहे. १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेले हे पानगळी रान आपल्या उंबरठ्यावर आहे. साग, तेंदू, मोह, पळस, बेहडा, बहावा, अर्जुन, बिबा ही आपली झाडे. यांतली कितीतरी झाडे औषधीही आहेत आणि शोभेचीही. चैत्र-वैशाखात बहावा फुलतो तेव्हा त्याच्याइतके देखणे झाड जगात दुसरे नसेल, आणि त्याच्या शेंगेतला गर वैद्य पिढ्यान्‌पिढ्या सारक म्हणून देत आले आहेत. अर्जुनाची साल हृदयविकारावर मागितली जाते, पण बुंध्याभोवती साल पूर्ण सोलली तर तेच झाड उभ्याउभ्या वाळते. बिजाच्या लाकडाचे पेले मधुमेहावर म्हणून विकले जातात, आणि प्रत्येक पेल्यामागे तोडलेला बिजा असतो. नरक्याचे जे झाले ते या झाडांचे होऊ शकत नाही, असे समजण्याचे काहीच कारण नाही.

यावर उपाय आपल्या हाती आहे आणि तो कायद्यातही लिहिलेला आहे. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवली जायला हवी. गावात कोणती झाडे आहेत, त्यांचे काय उपयोग जाणकारांना माहीत आहेत, कोण किती नेतो, हे त्या वहीत यावे अशी अपेक्षा आहे. ही वही कपाटातला कागद न राहता गावातल्या जाणत्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आणि शाळेतल्या मुलांच्या हातून भरली गेली, तर बोरच्या काठच्या प्रत्येक गावाजवळ आपल्या झाडांचा खरा हिशेब राहील. लागवडीसाठी परकी नावे शोधण्याआधी हा हिशेब व्हायला हवा.

एक सावधगिरीची सूचना इथेच देणे माझे कर्तव्य आहे. शी-शू किंवा नरक्या या झाडांचे पान, साल, मूळ यांचा काढा घरी करून कोणीही घेऊ नये. कॅम्पटोथेसिन हे विष आहे. औषध म्हणून वापरताना त्याचे रूप बदललेले असते, मात्रा शरीराच्या मापाप्रमाणे ठरवलेली असते आणि रक्ताची तपासणी करून ते दिले जाते. कर्करोगाच्या भीतीने खचलेल्या कुटुंबाला जंगलातली मुळी देऊन बरे करण्याचे आश्वासन देणारे लोक भेटतात. अशा मुळीमागे धावताना रुग्णालयातला उपचार लांबणीवर टाकू नये. इरिनोटेकान चालू असताना तीव्र जुलाब किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

पुस्तिकेच्या रचनेविषयी थोडेसे. पहिला भाग शी-शूच्या वनस्पतिशास्त्राचा आहे. दुसऱ्यात वॉल आणि वाणी यांच्या शोधाची हकिगत आहे. तिसरा भाग रेणू पेशीत कसे काम करतो ते सांगतो. तो अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला समजेल अशा बेताने लिहिला आहे. चौथा नरक्याचा आहे आणि पाचवा बोरच्या परिसरातल्या औषधी झाडांचा. ज्यांना रसायनशास्त्राची ओढ नाही त्यांनी तिसरा भाग सोडला तरी चालेल, पण चौथा आणि पाचवा कोणीही सोडू नये अशी विनंती आहे. आपले काम तिथे सुरू होते.

ही पुस्तिका मी विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी, वनरक्षकांसाठी आणि धुऱ्यावर झाड राखणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यासाठी लिहिली आहे. वाचून झाल्यावर एक तरी काम करावे. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन गावाची जैवविविधता नोंदवही मागावी. नसेल तर ती करायला लावावी. असेल तर तिच्यात आपल्या वावरातल्या आणि रानातल्या झाडांची नावे आहेत का ते पाहावे, आणि नसतील तर ती भरावीत. येत्या पावसाळ्यात एक बहावा किंवा एक अर्जुन लावावा आणि तो मोठा होईपर्यंत त्याला पाणी द्यावे.

सेलू, जि. वर्धा